टेकडीवरची टाकी, खालची घरं

प्रमोदिनी : …नाही, धाकूदादा, परत सांगा. वॉकीटॉकीत खरखर येतेय. कुलपाचं काय म्हणालात?

धाकू : टालं बदललंय म्हनतं मी. टाकीच्या जालीच्या दाराला. परवा मी लावलेलं ते गंजकं होतं. हे कोरं करकरीत हाय. माझी चावीच लागत नाय.

प्रमोदिनी : ऑफिसमधून कोणी येऊन बदललं असेल. आठ महिने ओरडतोय आपण, कुलपं बदला म्हणून.

धाकू : आठ महिने ओरडलो म्हनजे आठ वर्सांनी बदलतील. आन् दुसरं असं, बाई, व्हॉल्व बंद हाय.

प्रमोदिनी : कुठला व्हॉल्व्ह?

धाकू : या टाकीचा. टाकीतनं मोठ्या पायपात पानी उतरतं, तो. जालीतनं दिसतंय ना. उघडा असला का त्याचा दांडा हातभर वर उभा रातो. आता पार खाली बसलाय. वरचं चाक बी कुनी काडून नेलंय.

प्रमोदिनी : शक्य नाही, दादा. मी पंपघरात स्क्रीनसमोरच बसलेय. टाकीचा व्हॉल्व्ह हिरवा दिसतोय, म्हणजे उघडा. टाकीत पाणी तीन पूर्णांक दोन मीटर. तिन्ही पंप चालू. सगळं जागच्या जागी आहे.

धाकू : तुमचा कामपुटर तिथं नदीवर बसून टेकडीवरचं बगतो. मी टेकडीवर उभं राहून बगतंय.

प्रमोदिनी : चिडू नका. एखादी वायर तुटली असेल, म्हणून जुना आकडा दिसत असेल. थांबा, मागचे आकडे काढून बघते. दोन वाजता तीन पूर्णांक दोन. दीडला तीन पूर्णांक दोन. एक वाजून दहा मिनिटांनी… तेव्हाही तेच. दादा, दोन तासांत टाकीतलं पाणी एवढंसुद्धा हललेलं नाही.

धाकू : पानी काय भिंतीवरचं चित्र हाय?

प्रमोदिनी : थांबा. वरचा मोठा जलकुंभ, तोही एक वाजून दहा मिनिटांपासून तसाच. पाइपातला दाब तसाच. आणि नदी… दादा, नदीसुद्धा हलत नाहीये.

धाकू : नदी कशी हलत नाय?

प्रमोदिनी : उल्हास नदीची पातळी. ती दर मिनिटाला बोटभर खालीवर होत असते. खिडकीतून मला दिसतेय, वाहतेय, लाटा आहेत. आणि स्क्रीनवर दोन तास एकच आकडा. दादा, एक वायर तुटली असती तर एकच आकडा अडकला असता. इथे सगळेच अडकलेत, एकाच मिनिटाला. हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी मला जुनं चित्र दाखवत बसवलंय.

धाकू : कोन? आपून सोडून कोन बसतो तिथं?

प्रमोदिनी : साहेबांना फोन करते. धरा जरा… हॅलो? हॅलो… अरे देवा.

धाकू : काय झालं?

प्रमोदिनी : फोन उचलला तर आत किर्र किर्र, खर्र खर्र. फोन बंद नाहीये, दादा. बिझी आहे. फोनवरून कॉम्प्युटरशी बोलायचा एक डबा आहे, मॉडेम म्हणतात. वागळे इस्टेटमधल्या ज्या कंपनीने हे सगळं बसवलं ना, तिच्या लोकांना तिथे बसूनच दुरुस्ती करता यावी म्हणून ठेवलाय. त्याचे दिवे पटापट लुकलुकतायत. आत्ता, या क्षणी, कुणीतरी फोनच्या तारेतून आपल्या पंपघरात शिरलेलं आहे.

धाकू : तारेतनं मानूस शिरतो?

प्रमोदिनी : माणूस शिरत नाही. त्याचा हात शिरतो.

धाकू : मंग तार उपटा ना!

प्रमोदिनी : उपटते. पण त्याआधी प्रिंटरचा कागद बघू दे. आलेला प्रत्येक हुकूम हा प्रिंटर छापतो, ते मात्र आत शिरलेला माणूस विसरलेला दिसतोय… पासवर्ड बदलला, एक वाजून आठ मिनिटं. आकडे गोठवले, एक दहा. आणि हे शेवटचं. सोळा वाजता, पंप एक, दोन, तीन, एकदम बंद. दादा, चार वाजता तिन्ही पंप एका झटक्यात बंद होणार आहेत.

धाकू : आता किती वाजले?

प्रमोदिनी : तीन वाजून बारा. तार उपटली मी, दिवे विझले. पण हुकूम आत बसलाय, तो निघत नाही. पासवर्ड त्याचा आहे. मी सरळ लाल बटण दाबते. सगळं बंद करते, म्हणजे चार वाजायचा प्रश्नच नको.

धाकू : नको! बाई, हात लावू नका! बटनाला हात लावू नका!

प्रमोदिनी : अहो पण…

धाकू : त्याला तेच पायजे! तुमी आता एकदम बंद केलं काय आन् त्यानं चारला केलं काय, सारखंच. ऐका माझं. तिन्ही पंप पानी वर ढकलतायत. माझ्या कमरेएवढा पाइप, तीन किलोमीटर पानी, सगलं टेकडी चढतंय. एकदम ढकलायचं थांबलं का ते पानी काय करल?

प्रमोदिनी : थोडं वर जाईल… आत पोकळी होईल… आणि मग माघारी येईल.

धाकू : आन् पोकलीत येऊन थडकल. ती पोकली भरायला ही टाकी हाय. पंप थांबले का टाकी आपसूक पायपात पानी सोडते, धक्का बसत नाय. आज टाकीचं तोंड कुनी बांधून ठेवलंय.

प्रमोदिनी : म्हणजे कुणीतरी तिथे येऊन व्हॉल्व्ह बंद केला, आणि तारेतून पंप बंद करायचा हुकूम दिला. दोन्ही मिळून.

धाकू : चौऱ्याऐंशी साली ही टाकी नव्हती. बारा वर्सं झाली. लाइट गेली, पंप थांबले. मी खाली होतो, माझा जोडीदार पंढरी इथंच पायपाला टेकून डबा खात होता. तोफेसारखा आवाज झाला. पाइप उलगडला नुसता, केलीचं पान उलगडतं तसा. पंढरी आमाना दुसऱ्या दिवशी खदानीत घावला. तवा खाली एक घर नव्हतं, आता वस्ती हाय.

प्रमोदिनी : खाली आता किती घरं आहेत?

धाकू : चालीसेक असतील. थांबा, खालच्या वस्तीतली शेवंती येते हाय वर. ए शेवंते! इकडं ये! पलत ये!

शेवंती : काय वं धाकूभाऊ, कवाचं वरडताय? लाकडं तोडत न्हाई म्या हितली, बघा की, मोकळी हाय.

धाकू : लाकडाचं जाऊ दे. सकाली इथं कोन आलं होतं?

शेवंती : एक आलता की. तुमच्याच हापिसातला म्हणाला. चष्मेवाला, स्कूटरवर. चाक सोडवून स्कूटरला बांधलं, नवं कुलूप लावलं. म्या इचारलं, तर म्हणला रंग द्यायला नेतो. लई गोड बोलला.

प्रमोदिनी : दादा, तिला विचारा, डाव्या हातात दोन घड्याळं होती का?

शेवंती : व्हय की! मला हसूच आलं. यक बंद पडलं तर दुसरं, म्हणला.

प्रमोदिनी : आनंदा. आनंदाच तो.

धाकू : कोन आनंदा?

प्रमोदिनी : कॉम्प्युटर बसवणारा इंजिनीअर. दोन महिन्यांपूर्वी त्याने ती नोकरी सोडली. मला हे मशीन त्यानेच शिकवलं, दादा. तीन आठवडे शेजारी बसून. मी चुकले की हसायचा नाही, परत दाखवायचा.

शेवंती : भाऊ, झालंय काय? तुमचं तोंड पांढरं पडलंय.

धाकू : शेवंते, चार वाजता हा पाइप फुटल. तुमच्या घरांवर येल.

शेवंती : …पोरं शाळंत हायत. बाप्ये कामाला गेल्यात. म्हाताऱ्या हायत घरात. माझी सासू अंथरुणावर हाय.

धाकू : सगल्यांना खदानीच्या पलीकडं उंचावर ने. सासूला बाजंसकट उचला. आन् तुमच्या हापशाचा मोठा पाना कुनाकडं हाय?

शेवंती : आमच्याच घरी. ह्या पायपातून तीन लाख लोकांचं पाणी जातं म्हणं, आन् आमी हापसा हाणतो. पाना आणते. पर कोण उठलं न्हाई तर?

धाकू : बोंब मार. साप निघाला म्हन, आग लागली म्हन. पाइपाचं सांगत बसू नको.

प्रमोदिनी : दादा, तुम्हीही खाली उतरा. हा माझा हुकूम आहे.

धाकू : तुमी तिथं काय करनार ते सांगा आदी.

प्रमोदिनी : प्रत्येक पंपाच्या तोंडाशी हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह आहे. तो हळूहळू बंद केला की त्या पंपाचं पाणी हळूहळू थांबेल. मग पंप झटक्यात बंद झाला तरी पाइपाला कळणार नाही. ऐंशी फेरे एकेकाला. ऑपरेटर दौलत एक नंबरवर जाईल, मी दोनवर. पोलिसांना फोन करून लगेच जाते.

धाकू : बरोबर. पन घाई नको. चाक जोरात फिरवलं तरी पानी दनका देतं. मी इथं पायपाला सली लावून बसतो, लोखंडाची. तुमचं चाक मना इथं ऐकू येल. जास्त झालं का सांगतो.

प्रमोदिनी : तीन किलोमीटरवरून?

धाकू : तुमी फिरवा तर खरं.

शेवंती : भाऊ, हा घ्या पाना. सगळी निघाली. सासूला चौघींनी उचललं. म्हातारी शिव्या घालती नुसत्या.

धाकू : तू कशाला परत आलीस?

शेवंती : पाना काय उडत येणार व्हता? पहार बी आणलीया. कुलपात घाला.

धाकू : सरक. हां… तुटलं. आता मी हा दांडा फिरवतो. माझे हात गुंतले, कान पायपाला हाय. तो डबा तू धर. मी बोलंन ते बाईंना सांग.

शेवंती : कसं बोलत्यात ह्याच्यात?

धाकू : काला खटका दाब आन् बोल.

शेवंती : बाई? म्या शेवंती. ऐकू येतं का?

प्रमोदिनी : येतं, शेवंतीबाई. मशीनचा आवाज आहे, मोठ्याने बोला. मी दोन नंबरवर आहे, वीस फेरे झाले. दौलत पुढे आहे.

शेवंती : भाऊ म्हणत्यात, एक नंबरवाला लई जोरात फिरवतोय. पाणी पायपात डोकं आपटतंय म्हणं. त्याला दम खायला लावा.

प्रमोदिनी : दौलत! हळू! अरे हळू फिरव!… शेवंतीबाई, त्यांना खरंच ऐकू आलं? इथे शेजारी उभं राहून मला ऐकू येत नाहीये.

शेवंती : भाऊ, बाई इचारत्यात, कसं ऐकू येतं?

धाकू : सांग, आमी कोपरीचे कोली. माझा बाप खाडीत वल्हं उभं घालायचा आन् दांड्याला कान लावायचा. घोल मासा पान्याखाली बोलतो. कुठं हाय, किती हाय, सगलं त्या लाकडातनं कलायचं. खाडीत घोल रायली नाय, मी पायपाला कान लावला. आता गप, ऐकू दे.

शेवंती : बाई, ते म्हणत्यात, आता दोघांचं बी बेस चाललंय. तुमच्या चाकाचा एक दात झिजलाय, दर फेऱ्याला टिक वाजतंय म्हणं.

प्रमोदिनी : …अहो, खरंच झिजलाय. माझ्या हाताला लागतोय तो.

शेवंती : आगं आई.

प्रमोदिनी : काय झालं?

शेवंती : काय न्हाई. अंगावर काटा आला नुसता. तुमी तिकडं नदीवर, आन् हा माणूस तुमच्या चाकाचे दात मोजतोय.

प्रमोदिनी : दौलतचा झाला! एक नंबर पूर्ण बंद. तीन वाजून छत्तीस. त्याला तीनवर पाठवते. दादांचा दांडा किती फिरला?

शेवंती : गंजलाय वं. आठ फेरं झालं. बोटभर वर आलाय.

प्रमोदिनी : बोटभर पुरणार नाही. दोन नंबर संपला की आमचं जवळजवळ झालंच. दादांना सांगा, आता सोडा आणि निघा.

शेवंती : भाऊ, बाई म्हणत्यात निघा. हुकूम हाय.

धाकू : सांग, हुकूम ऐकू येत नाय. कान पायपाला हाय.

प्रमोदिनी : ऐकलं मी. शेवंतीबाई, निदान तुम्ही तरी जा.

शेवंती : मग बोलणार कोण?

प्रमोदिनी : दोन नंबर बंद! तीन वाजून अठ्ठेचाळीस. पण तीनचं अडलंय. दौलत म्हणतो, मघापासून झटतोय, चाक हलतंच नाही. तीनला कॉम्प्युटरवर चालणारी मोटर जोडलीय, ती दात धरून बसलीय. बाजूचा एक दांडा ओढला की मोटर सुटते, तो दांडा अडकलाय.

धाकू : शेवंते, दे इकडं. बाई! दांड्याला लाथ मारा. खालनं वर. हातानं ओढत बसू नका.

प्रमोदिनी : लाथ? … सुटला! सुटला, दादा! दोघं मिळून फिरवतोय. दहा. पंधरा.

धाकू : आता हलू फिरवायची चैन नाय, पन झटके नको. एकसारखं. नाव वल्हवतात तसं, दोघांनी एका दमात.

प्रमोदिनी : तीस. तीन वाजून बावन्न. पस्तीस. हाताचं कातडं गेलं दौलतचं. चाळीस.

शेवंती : भाऊंचा दांडा वीतभर वर आला, बाई! आता भराभरा येतोय!

प्रमोदिनी : पन्नास. तीन सत्तावन्न. पंचावन्न. दादा, ऐंशी होणार नाहीत. वीसेक राहतील.

धाकू : राहू दे. वीस फेऱ्यांचं पानी टाकी सांभालंल. शेवंते, त्या दगडामागं बस. बस म्हनतं ना!

प्रमोदिनी : साठ. तीन वाजून एकोणसाठ. एकसष्ट. बासष्ट…

शेवंती : बाई? चाक थांबलं का?

प्रमोदिनी : पंप थांबले. चार वाजले. तिन्ही बंद. शेवंतीबाई, तिथे काय होतंय? शेवंतीबाई!

शेवंती : पाइप… पाइप जित्ता झालाय. थरथरतोय. खडं उड्या मारत्यात त्याच्याजवळचं. भाऊ! भाऊ, कान काढा!

धाकू : येतंय… माघारी येतंय… वरनं येतंय…

प्रमोदिनी : दादा!

शेवंती : बाई, टाकी बोलायला लागली! आतून घळघळ घळघळ, आख्खी टाकी खाली उतरतीया! जमीन हालती पायाखाली… देवा… देवा…

प्रमोदिनी : बोला काहीतरी! कोणीतरी बोला!

धाकू : …टेकलं.

प्रमोदिनी : काय?

धाकू : पानी टेकलं, बाई. येऊन हलूच टेकलं. आता झोके घेतंय. एकदा वर, एकदा खाली. प्रत्येक झोका आधीपेक्षा ल्हान. किती मोठं जनावर हाय हे… आन् कसं निजतंय बगा.

शेवंती : बाई, भाऊ उठत न्हाईत. पायपाला मिठी मारून बसल्यात.

प्रमोदिनी : बसू द्या. मीही खाली फरशीवर बसलेय. केवढी शांतता आहे इथे. मला पहिल्यांदाच या घरात नदीचा आवाज येतोय.

शेवंती : ती पोलिसांची गाडी येती बघा खालून. आता येऊन काय करत्यात?

प्रमोदिनी : त्यांना स्कूटरचं सांगा. चाकाचं सांगा. मुख्य म्हणजे दोन घड्याळांचं सांगा.

(सहा दिवसांनंतर. टेकडीवर, टाकीजवळ.)

शेवंती : घावला म्हणं तो.

प्रमोदिनी : त्याच संध्याकाळी. कल्याणला मित्राच्या टायपिंग क्लासमधून फोन लावला होता त्याने. टेलिफोनवाल्यांनी नंबर शोधून दिला. चाकही तिथेच होतं, पोत्यात.

धाकू : आन् केलं कशापायी?

प्रमोदिनी : टँकरवाल्यांसाठी. पाइप फुटला असता तर महिनाभर अर्धी डोंबिवली टँकरवर आली असती. शीळफाट्याला सकाळपासून साठ टँकर भरून उभे होते. पाणी जायच्या आधीच.

शेवंती : आन् आमी? आमचा काय गुन्हा व्हता?

प्रमोदिनी : मी चौकीत भेटायला गेले होते त्याला. मला हेच विचारायचं होतं. म्हटलं, आनंदा, खालच्या वस्तीचा विचार नाही आला तुझ्या मनात? तर म्हणाला, कुठली वस्ती?

धाकू : डोले फुटले होते काय? सकाली इथंच उभा होता ना?

प्रमोदिनी : इथून झाडीमुळे घरं दिसत नाहीत, दादा. त्याने नकाशावर बघून जागा निवडली होती. पाइप कुठे फुटेल, पाणी कुठे जाईल, सगळा हिशोब केला होता. नकाशात टेकडीखाली मोकळी जागा आहे. मी सांगितल्यावर तो तिथेच खाली बसला.

शेवंती : मोकळी जागा? माझी सासू बहात्तरच्या दुष्काळात आली, खदानीवर खडी फोडायला. तवापासनं ऱ्हातो आमी.

प्रमोदिनी : आधी टेकडीच्या त्या अंगाला होतात ना तुम्ही?

शेवंती : व्हय. खदान सरकली तसं आमी बी सरकलो. हितं दहा वर्सं झाली.

प्रमोदिनी : आनंदाला एकट्याला काय बोलू? तो नकाशा माझ्या मागच्या भिंतीवर आहे. आठ महिने रोज बघतेय. मलाही त्यात काही कमी वाटलं नव्हतं.

धाकू : आता पंपघरात काय केलंत?

प्रमोदिनी : मॉडेमची तार माझ्या कपाटात, कुलपात. काम असेल तेव्हाच लावायची, आणि मी समोर असतानाच. दाब दाखवणारं पितळी काट्याचं जुनं मीटर काढून टाकणार होते, ते राहणार. स्क्रीन आणि काटा जुळले नाहीत तर माणूस टेकडीवर पाठवायचा. दिवसातून दोनदा तर पाठवायचाच. तुमच्या हाताखाली दोघं जण देतायत साहेब, शिकवायला.

धाकू : शिकवीन. कान असला पायजे पन.

शेवंती : आन् ही कागदाची गुंडाळी कसली आणलीया?

प्रमोदिनी : हाच तो नकाशा. उलगडते. दगड ठेवा त्या टोकावर. हा पाइप, ही टाकी. हे खाली कोरं आहे ना, इथे मला तुमची घरं काढायचीयत. एकेक करून सांगा. किती आहेत?

शेवंती : बेचाळीस. हापसा धरून त्रेचाळीस.

प्रमोदिनी : हापसा पण काढू. पहिलं कुणाचं काढू?

शेवंती : सासूचं. ती पैली आली… हे काय, पेन्सिलीनं काढताय व्हय?

प्रमोदिनी : आधी पेन्सिलीनेच काढतात. चुकलं तर खोडता येतं.

शेवंती : मग शाईनं काढा.